खार ठरलेला माणूस : डेव्हिड मेयो आणि चर्चबाहेरची सायंटॉलॉजी

मराठीत खार हा पुण्यवान प्राणी. सेतूसाठी अंगाला वाळू चिकटवून आणणारी आणि त्याबद्दल रामाने पाठीवरून बोटे फिरवलेली. सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथाच्या गोटात मात्र कुणाला ‘स्क्विरल’, म्हणजे खार, म्हटले की त्याच्याशी संबंध संपला. संस्थापक एल. रॉन हबर्ड याने आपल्या पद्धतीत फेरफार करणाऱ्यांसाठी हा शब्द रूढ केला आणि पुढे तो संघटनेबाहेर ती पद्धत वापरणाऱ्या सगळ्यांनाच चिकटला. डेव्हिड मेयो हा या शिवीचा बहुधा सर्वांत मोठा मानकरी. ज्या पद्धतीत भेसळ केल्याचा ठपका त्याच्यावर आला, तिच्या वरच्या पायऱ्या घडवण्यात त्याचाच हात होता आणि ती शुद्ध राखायची जबाबदारीही काही वर्षे त्याच्याचकडे होती.

चर्च, म्हणजे सायंटॉलॉजीची अधिकृत संघटना, सोडून सायंटॉलॉजी न सोडणारे लोक जर्मनीत, स्वित्झर्लंडमध्ये, रशियात, इस्राएलमध्येही आहेत. मी मेयोचे प्रकरण घेतले ते त्यात कोर्टाची कागदपत्रे भरपूर आहेत म्हणून, आणि दुसरे म्हणजे स्वतंत्रपणे हा पंथ चालवायचा तर कुठे अडकायला होते ते यात अगदी उघडे पडते.

खोलीत नक्की काय चालते

आधी हे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे भांडण कशावरून आहे तेच कळणार नाही.

दोन खुर्च्या, मध्ये टेबल. एका बाजूला ऑडिटर, म्हणजे प्रश्न विचारणारा. समोरच्याच्या दोन्ही हातांत पत्र्याचे दोन डबे. सुरुवातीच्या काळात ते खरोखरच सूपचे रिकामे डबे असत. डब्यांना तारा, तारा ई-मीटरला. अगदी सौम्य विद्युतप्रवाह शरीरातून जातो, कातडीचा विरोध बदलला की काट्याची सुई हलते. ऑडिटर ठरलेला प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारतो, उत्तर ऐकतो, “थँक यू” म्हणतो, पुन्हा विचारतो. एका हाताने डायल फिरवत, दुसऱ्या हाताने कागदाकडे फारसे न पाहता भराभर लिहीत जातो. वाईट आठवण असेल तर सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांगायची, मग पुन्हा पहिल्यापासून, मग पुन्हा. सुई सैल होऊन हलकेच इकडून तिकडे डोलू लागली की तिला ‘तरंगती सुई’ म्हणतात. त्या दिवसाचे काम तिथे थांबते.

सत्राचे कागद नंतर केस सुपरवायझरकडे जातात. तो त्या माणसाला भेटत नाही, फक्त कागद वाचून पुढे काय करायचे ते लिहून देतो. हे पद लक्षात ठेवा.

ई-मीटरला वैद्यकीय आधार नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६३ मध्ये वॉशिंग्टनला छापा घालून ही यंत्रे जप्त केली होती. १९७१ च्या निकालानंतर रोगनिदानाला वा उपचाराला याचा उपयोग नाही अशी सूचना त्यांच्यावर लावावी लागली. ज्यांना या खोलीत हलके वाटते त्यांना त्याचे काही नसते. आपल्याकडेही ताईत बांधणाऱ्याला प्रयोगशाळेचा अहवाल दाखवून उपयोग होत नाही.

या सगळ्याची एक शिडी आहे. खालच्या पायऱ्या उघड, ‘क्लियर’ या टप्प्याच्या पुढच्या ‘ओटी’ (ऑपरेटिंग थीटन) पायऱ्या गुप्त. थीटन म्हणजे यांच्या भाषेत आत्मा. गुप्त म्हणजे कुलपातल्या. आधीच्या पायऱ्यांचे पैसे आणि वेळ मोजल्याशिवाय तो मजकूर डोळ्यांना दिसत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तर दर महिन्याला दर वाढवायचे धोरण होते.

आतला माणूस

मेयो मूळचा न्यूझीलंडचा. तरुणपणीच पंथात आला, हबर्डच्या जहाजावरच्या ‘सी ऑर्ग’ या पूर्णवेळ सेवकांच्या दलात गेला आणि ऑडिटर म्हणून नावाजला. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला क्विंटा इथे हबर्ड गंभीर आजारी पडला. तेव्हा मेयोला फ्लोरिडाहून तातडीने बोलावून घेतले. गुरूला डबे हातात देऊन प्रश्न विचारायचे काम शिष्याकडे आले.

त्या सत्रांमधून जे निघाले त्याची पुढे एक नवी गुप्त पातळी झाली. तिचे लघुनाव ‘नॉट्स’. मजकूर हबर्डच्या नावावर छापला गेला. त्यातला बराचसा आपण लिहिला, असे मेयो पुढे सांगत राहिला. खरे काय ते त्या खोलीतल्या दोघांनाच ठाऊक. पण सर्वोच्च केस सुपरवायझर हे जागतिक पातळीवरचे पद त्याच्याकडे होते, याबद्दल दोन्ही बाजूंत वाद नाही.

हबर्ड १९८० मध्ये अज्ञातवासात गेला आणि २४ जानेवारी १९८६ रोजी मरेपर्यंत परत दिसला नाही. मधल्या पोकळीत त्याच्या तरुण निरोप्यांचे वजन वाढले. डेव्हिड मिस्कॅव्हेज तेव्हा विशीच्या सुरुवातीला होता. १९८२ च्या सुरुवातीला रिलिजस टेक्नॉलॉजी सेंटर ही नवी संस्था नोंदवली गेली. ‘सायंटॉलॉजी’, ‘डायनेटिक्स’ ही नावे, चिन्हे आणि वरच्या पातळ्यांचा मजकूर हिच्या ताब्यात गेला. हिच्या पहिल्या विश्वस्तांमध्ये मिस्कॅव्हेज होता आणि मेयोही होता.

म्हणजे पुढे मेयोवर खटला भरणाऱ्या संस्थेच्या जन्मदाखल्यावर खुद्द मेयोची सही आहे. असे कादंबरीत लिहिले तर संपादक काट मारेल.

हकालपट्टी

त्याच वर्षी तो पायउतार झाला. कारणांची दोन्ही बाजूंची यादी वेगळी आहे, तिच्यात शिरण्यात अर्थ नाही. त्यानंतर काही महिने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात आपल्याला अडकवून ठेवले आणि भर उन्हात एका झाडाभोवती रोज तासन्‌तास धावायला लावले, असे मेयोने शपथपत्रात लिहिले आहे. गैरवागणुकीचे असे आरोप चर्चने वेळोवेळी फेटाळले आहेत.

मेयो एकटा नव्हता. १७ ऑक्टोबर १९८२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात मिशनचालकांची सभा झाली. हे मिशनचालक म्हणजे साधारण फ्रँचायझीवाले. स्वतःच्या हिमतीवर गावोगाव केंद्रे काढलेले, खालच्या पायऱ्या चालवणारे आणि उत्पन्नातला दहावा हिस्सा वर पाठवणारे. व्यासपीठावरून गणवेशातल्या तरुण अधिकाऱ्यांनी त्यांना सुनावले की नावे आणि चिन्हे आता नव्या संस्थेची आहेत, गैरवापर केला तर तुरुंग. शिवाय ‘फायनान्स पोलीस’ तपासणीला येतील आणि त्यांचा खर्च दिवसाला १५,००० डॉलर तुम्ही द्यायचा. ज्यांनी वीस-वीस वर्षे घालून केंद्रे उभी केली त्यांना हे ऐकून काय वाटले असेल! पुढच्या दोन वर्षांत मोठी गळती लागली. १९६८ मध्ये रद्द केलेली ‘डिस्कनेक्शन’ची प्रथा, म्हणजे बहिष्कृताशी बोलणे-चालणे तोडायचे, ती १९८३ मध्ये परत आली. हा आपला जातपंचायतीचा वाळीत टाकण्याचाच प्रकार, फक्त परिपत्रकाने.

सांता बार्बरा

१९८३ च्या फेब्रुवारीत मेयो बाहेर पडला आणि जुलैमध्ये सांता बार्बराजवळ त्याने ॲडव्हान्स्ड ॲबिलिटी सेंटर उघडले. कायदेशीर नाव चर्च ऑफ द न्यू सिव्हिलायझेशन. दोन्हींत ‘सायंटॉलॉजी’ हा शब्द कुठेच नाही. जो शब्द तो आयुष्यभर बोलला, तो दारावरच्या पाटीवर लावायची सोय नव्हती.

लोक मात्र पाटी वाचून येत नव्हते. ते मेयोसाठी येत होते. जगातला सर्वांत वरचा केस सुपरवायझर कमी पैशांत, गणवेशाशिवाय आणि धाक न दाखवता सत्रे चालवतो आहे, हे पत्रांतून पसरले. इतरत्रही अशी केंद्रे निघाली, ब्रिटनमध्येसुद्धा. बहिष्कृत झालेले, मनाने अजून पंथातच असलेले लोक जमू लागले. त्यांना हबर्ड नको झाला नव्हता. त्यांना हबर्डच्या भोवतालचे लोक नको झाले होते. बाहेरच्याला हा फरक क्षुल्लक वाटेल, पण स्वतंत्र सायंटॉलॉजीचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

अडचण वरच्या पायऱ्यांची. ‘नॉट्स’ची पातळी चालवायची तर मजकूर हवा, आणि मजकूर चर्चच्या कुलपात. मेयो म्हणे, मला कागद कशाला हवेत, मी आठवून लिहीन. त्याने लिहिलेही.

इथेच डिसेंबर १९८३ मधला कोपनहेगनचा प्रकार आडवा आला. रॉबिन स्कॉट हा स्कॉटलंडमधल्या कँडाक्रेग या जुन्या वाड्यात स्वतंत्र केंद्र चालवायचा. त्याच्या गटातले लोक सी ऑर्गच्या गणवेशात, तपासणीला आलेले वरिष्ठ अधिकारी म्हणून चर्चच्या कोपनहेगनमधल्या उच्च केंद्रात शिरले. तिथल्या सेवकांनी अदबीने ‘नॉट्स’चे कागद पुढे केले. वरून आलेल्याला प्रश्न विचारायचा नाही ही शिकवण त्यांच्या हाडीमाशी भिनलेली! कागद घेऊन मंडळी पसार. स्कॉटला पुढच्या वर्षी डेन्मार्कमध्ये अटक झाली आणि तुरुंगाची हवा खावी लागली.

चर्चचा दावा सरळ झाला : सांता बार्बरातला मजकूर म्हणजे कोपनहेगनचा चोरीचा माल. मेयोचा बचाव : मजकूर सारखा दिसणारच, तो मीच लिहिला होता.

गुपित कुणाचे, आणि कसले

जानेवारी १९८५ मध्ये रिलिजस टेक्नॉलॉजी सेंटरने लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयात फिर्याद लावली. त्यात ‘रिको’ हा संघटित गुन्हेगारांसाठी केलेला कायदाही होता आणि कॅलिफोर्नियाचा व्यापारी गुपितांचा कायदाही. त्या वर्षअखेर खालच्या न्यायालयाने मनाई हुकूम दिला आणि मेयोच्या केंद्राला तो मजकूर वापरता येईना.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, शहरातल्या दुसऱ्या एका खटल्यात, गुप्त ओटी पातळीचे कागद न्यायालयाच्या नोंदीत आले आणि काही काळ कुणालाही बघायला खुले झाले. सुमारे दीड हजार सायंटॉलॉजिस्टांनी कारकुनाच्या खिडकीशी गर्दी केली. हेतू कागद वाचण्याचा नव्हता. आपली रांग एवढी लांबवायची की दुसऱ्या कुणाचा नंबरच लागू नये. तरी वृत्तपत्राने कागद मिळवून सारांश छापलाच.

मेयोचे अपील नवव्या सर्किट न्यायालयात ऑगस्ट १९८६ मध्ये निकाली निघाले. रिकोखाली खासगी पक्षाला मनाई हुकूम मागता येत नाही, हा झाला एक मुद्दा. वकिलांना तोच महत्त्वाचा वाटतो. मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो.

व्यापारी गुपित म्हणजे अशी माहिती, जी लपवून ठेवल्याने प्रतिस्पर्ध्यावर आर्थिक कुरघोडी करता येते. कोकाकोलाचा मसाला, पैठणच्या एखाद्या विणकराची रंगाची कृती, असे काही. चर्चने मात्र कागदोपत्री म्हटले होते की हा मजकूर तयारी नसलेल्याने वाचला तर त्याचे आध्यात्मिक नुकसान होते. न्यायालयाने विचारले, यात आर्थिक मूल्य कुठे आहे? श्रद्धाळूला अश्रद्धावर मिळणारी आध्यात्मिक आघाडी हे व्यापारी गुपित नव्हे. आणि आर्थिक नुकसान होते असे म्हणालात, तर धर्म आणि ना-नफा संस्था या तुमच्या दाव्याबद्दलच गंभीर शंका निर्माण होईल, असेही न्यायालयाने सुनावले.

हा टोला किती वर्मी होता ते समजायला करखात्याकडे बघावे लागते. चर्चची करसवलत १९६७ मध्ये काढून घेतलेली होती, १९८४ मध्ये करन्यायालयाने तो निर्णय उचलून धरला होता, आणि सवलत परत मिळाली ती थेट १९९३ मध्ये. म्हणजे १९८६ मध्ये कोर्टात ‘हा आमचा धंद्याचा माल’ म्हणण्याची सोयच नव्हती. कानमंत्र म्हणावे तर कायदा वाचवत नाही, माल म्हणावे तर कर भरा.

पुढच्या काही निकालांनी धर्मग्रंथसुद्धा व्यापारी गुपित ठरू शकतो अशी फट ठेवली आहे, त्यामुळे १९८६ चा निकाल म्हणजे सगळ्या स्वतंत्रवाद्यांना मिळालेला परवाना असे समजू नये. शिवाय हक्कस्वामित्व (कॉपीराइट) आणि नाममुद्रा (ट्रेडमार्क) हे वेगळेच राहतात.

आणि मेयोला त्याचा उपयोगही फारसा झाला नाही. अपील जिंकले त्याच वर्षी केंद्राला टाळे लागले. वकिलांची बिले, मनाई हुकमाचा काळ, आटत गेलेले लोक. खटला मात्र फिरत राहिला. फिर्याद शेवटी निकाली काढली गेली ती फिर्यादीच्याच कोर्टातल्या वागणुकीमुळे, आणि सुमारे २९ लाख डॉलरची वकील-फी रिलिजस टेक्नॉलॉजी सेंटरवर बसली. अपिलात ती १९९६ मध्ये कायम झाली. तोवर सांता बार्बरा बंद होऊन दहा वर्षे उलटली होती.

गाठ

पुण्याच्या वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. कोरेगाव पार्कातल्या गुरूच्या नावावरून असाच वाद झाला. ‘ओशो’ हा शब्द नाममुद्रा होऊ शकत नाही असे अमेरिकेच्या नाममुद्रा मंडळाने २००९ मध्ये ठरवले. तिकडे युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये तीच नाममुद्रा कायम ठेवली. शिष्य दोन्हीकडे तेच, ध्यान तेच. पण ओशोंचे ध्यान शब्द थोडे बदलूनही करता येते. मेयोची अडचण त्याहून अवघड होती.

७ फेब्रुवारी १९६५ च्या एका धोरणपत्रात हबर्डने बजावले आहे की पद्धत बरोबर आहे, ती तंतोतंत तशीच वापरायची, दुसरी चालू द्यायची नाही, आणि ती गटाने मिळून घडवलेली नाही. हे पत्र सायंटॉलॉजीतल्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला वाचावे लागते. आता स्वतंत्र साधकाचा विचार करा. तो श्रद्धाळू असेल तर हबर्डचे शब्द जसेच्या तसे वापरणार, आणि ते शब्द दुसऱ्याच्या मालकीचे. कायद्याच्या कचाट्यातून सुटायला शब्द बदलावे तर गुरूच्या मते तो खार. जेवढी निष्ठा जास्त, तेवढी नोटीस जवळ.

आपल्याकडे गीता मराठीत आणताना ज्ञानेश्वरांना कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने वाळीत टाकले होते, पण मनाई हुकूम आणला नव्हता.

यातून स्वतंत्र मंडळींनी जी पळवाट काढली ती मला फार मजेशीर वाटते. ते म्हणतात, खार आम्ही नव्हे, खार चर्च. पुरावा? तीच सुई. १९९६ नंतर चर्चच्या प्रशिक्षणात तरंगती सुई मान्य करायला ती निदान तीनदा डोलली पाहिजे असा नियम आला, अशी त्यांची ठरलेली तक्रार आहे. हबर्डने असे कुठे सांगितले? सुई किती वेळा डोलली यावरून धर्मभेद! हसू येते खरे. पण आपल्याकडे एकादशी आज की उद्या यावरून स्मार्त आणि भागवत वेगळे उपास करतातच की.

युरोपात वेगळा रस्ता निघाला. बिल रॉबर्टसन हा सी ऑर्गचा माजी कॅप्टन. त्याने १९८४ मध्ये फ्रँकफर्टला रॉन्स ऑर्ग काढले. ‘फ्री झोन’ हे नाव त्याचेच, आणि ते आले कुठून तर आकाशगंगेच्या महापरिषदेने पृथ्वी मुक्त क्षेत्र जाहीर केल्याचा हुकूम त्याला मिळाला होता म्हणून. तो १९९१ मध्ये वारला, पण गट टिकले. २००० साली चर्चने ‘सायंटोलोगी’ या जर्मन वळणाच्या नावाचा इंटरनेट पत्ता जर्मनीतल्या फ्राय झोनकडून (फ्री झोनचेच जर्मन नाव) हिसकायचा प्रयत्न केला तेव्हा जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या लवादाने तो फेटाळला. फ्री झोनवाले आवर्जून सांगतात की हा शब्द अनास्टाझियुस नॉर्डनहोल्झ या लेखकाने १९३४ मध्येच जर्मन पुस्तकाच्या शीर्षकात वापरला होता. गुरूच्या शब्दावरचा आपला हक्क सिद्ध करायचा तर तो शब्द मुळात गुरूचा नव्हता म्हणायचे. निष्ठावंताला काय काय करावे लागते!

मेयो पुढे कुठे गेला

केंद्र बुडाल्यावर मेयोने वेगळी दिशा धरली. फ्रँक गर्बोडी हा पालो आल्टोकडचा मानसोपचारतज्ज्ञ, तोही एकेकाळचा सायंटॉलॉजिस्ट. त्याच्याबरोबर मेयोने काम केले. त्यातून आकाराला आलेल्या पद्धतीला ट्रॉमॅटिक इन्सिडेंट रिडक्शन म्हणतात. हबर्डचे नाव नाही, शिडी नाही, थीटन नाहीत, कुलूप नाही. बहुतेक स्वतंत्र सायंटॉलॉजिस्टांच्या दृष्टीने ही सायंटॉलॉजी नव्हेच.

आजही हे सत्र घेणारे लोक आहेत. खोलीत दोन खुर्च्या. ऑडिटरला इथे फॅसिलिटेटर म्हणतात, समोरच्याला व्ह्यूअर. त्याच्या हातात डबे असायलाच हवेत असे नाही. जी आठवण छळते ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत मनात पाहायची, मग सांगायची. फॅसिलिटेटर अर्थ लावत नाही, सल्ला देत नाही. ऐकून घेतल्याची पोच देतो आणि म्हणतो, आता पुन्हा पहिल्यापासून.